टॅरोच्या पत्त्यांतून रोजच्या वागण्यातले आदिबंध कसे ओळखायचे?

निळीशाई
मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचे आदिबंध (सगळ्या माणसांत आढळणारे मनाचे मूळ साचे) ओळखीचे आहेत: छाया, मुखवटा (लोकांसमोर घेतलेलं रूप), माता, ज्ञानी वृद्ध वगैरे. हाताशी रायडर-वेट हा टॅरो पत्त्यांचा संच (डेक) आहे. एम्परर म्हणजे बाप किंवा बॉस, एम्प्रेस म्हणजे आई, हर्मिट म्हणजे गुरू, डेव्हिल म्हणजे छाया अशी यादी केली. पण यादी घेऊन बसलं की प्रत्येक माणसावर एकेक पत्ता चिकटतो आणि गाडी तिथेच अडते. रोज सकाळी एक पत्ता काढून रात्री दिवसाशी ताडला, तर तो रोजच जुळतो. त्यामुळे त्यातून काही कळतंय का, हीच शंका येते. भविष्य बघायचं नाहीये. नेमकं काय करायचं आणि कोणत्या क्रमाने?

औदुंबर
शंका रास्त आहे. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून शब्दशः एकच मजकूर दिला. त्यांनी तो आपल्याला किती लागू पडतो याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सकाळी काढलेला पत्ता रात्री जुळतो तो याच कारणाने. पत्ता आधी डोक्यात बसला की दिवसभर मन त्याचेच पुरावे गोळा करत राहतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी प्रसंग, मग पत्ता. दिवसातला असा प्रसंग घ्या जिथे भावना कारणापेक्षा मोठी होती: साध्या प्रश्नावर आवाज चढला, किरकोळ कौतुकाने डोळे भरले, कुणी नुसतं गप्प बसलं आणि अपराधी वाटलं. आदिबंध जागा झाल्याची खूण म्हणजे हा जादाचा जोर. प्रसंग पाच ओळींत लिहा, पण फक्त क्रियापदांत: थांबवलं, लपवलं, समजावलं, माघार घेतली. 'तो हेकट आहे' असली विशेषणं आली की निवाडा होऊन जातो, मग बघायला काही उरत नाही.

आता डेकमधल्या ७८ पत्त्यांपैकी मेजर अर्कानाचे (एम्परर, हर्मिट यांसारखे मुख्य चित्रांचे) २२ पत्तेच बाजूला काढा आणि सगळे सुलटे मांडा. पिसायचं नाही, ओढायचं नाही. दोनेक मिनिटं नुसतं बघा. चित्रातली हालचाल तुमच्या क्रियापदांशी जुळते तो एक पत्ता उचला. अर्थाची पुस्तिका या वेळी बंदच हवी. ती उघडली की तुमच्या प्रसंगाच्या जागी छापील वाक्य येऊन बसतं.

काठावरचा
औदुंबर यांच्या पद्धतीत पुढचा टप्पा जोडतो, कारण पत्ता उचलून थांबलं तर परत लेबलच हाती येतं. उचललेल्या चित्रातला एक तपशील धरायचा.

एम्पररच घ्या. दगडी सिंहासन, त्यावर मेंढ्यांची मुंडकी, मागे उजाड डोंगर. आणि लाल झग्याखाली पायांवर चक्क चिलखत! राजा आपल्याच गादीवर बसलाय तर चिलखत कशाला? आता प्रसंग लावा: 'हे काम याच क्रमाने का?' एवढंच कुणी विचारलं आणि उत्तरात आवाज चढला. इथे 'बॉस म्हणजे एम्परर' म्हणून भागत नाही. व्यवस्था लावणारी शक्ती आणि ती मोडेल ही भीती, दोन्ही त्या एकाच चित्रात बसली आहेत. शिवाय त्या क्षणी सिंहासनावर विचारणारा होता की उत्तर देणारा, हे तपासा. आदिबंध माणसाचा नसतो, दोघांमधल्या प्रसंगाचा असतो. तोच माणूस तासाभराने 'द फूल' (मूर्ख) हा पत्ता होऊन कड्याच्या टोकाशी उभा असेल.

सायली_पाने
एका गोष्टीला माझा ठाम विरोध: 'डेव्हिल म्हणजे छाया' हे समीकरण खोडून टाका. छाया म्हणजे स्वतःत असूनही आपण आपली मानत नाही तो भाग, आणि तो कोणत्याही पत्त्यात सापडू शकतो. डेव्हिलच्या चित्रात दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या चांगल्या सैल आहेत, डोक्यावरून काढता येतील इतक्या. त्यातून निघणारा प्रश्न वेगळा आहे: सुटता येत असून कोण कशाला थांबलंय?

छाया शोधायची तर २२ मधून नकोसे वाटणारे तीन पत्ते बाजूला घ्या आणि प्रत्येक बघताना कोणाची आठवण येते ते लिहा. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं जाईल, तिथे प्रक्षेपण (आपलंच काही दुसऱ्यात बघणं) असण्याची शक्यता दाट. पुष्कळदा तो पत्ता सन किंवा स्टार निघतो. दुसऱ्याचं उघडं हसू डोळ्यांत खुपणं हीसुद्धा छायाच, आणि ती सगळ्यांत जास्त निसटते.

बाकी, जुन्या मार्सेय डेकमध्ये जस्टिस ८ आणि स्ट्रेंग्थ ११ आहे, १९०९ च्या रायडर-वेटमध्ये बरोबर उलट. वहीत आकडे न लिहिता नावंच लिहा.

निळीशाई
धन्यवाद सगळ्यांना, यादी रद्द. दोन प्रश्न: मुखवटा कोणत्या पत्त्यात बघायचा? आणि किती दिवसांनी निष्कर्ष काढायचा?

औदुंबर
मुखवट्यासाठी १६ कोर्ट कार्ड सोयीची आहेत: चारही सूटचे (पत्त्यांच्या रंगांचे) पेज, नाइट, क्वीन, किंग. कामाच्या ठिकाणी, घरी आणि मित्रांत आपण कोण असतो, असे तीन पत्ते निवडा. तिन्ही ठिकाणी एकच पत्ता आला तर मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसलाय का ते बघा.

१४ नोंदी होईपर्यंत मागचं वाचू नका. मग एकदम वाचा आणि तीन किंवा जास्त वेळा आलेल्या पत्त्यांवरच लक्ष द्या. ते वेगवेगळ्या माणसांसमोर आले असतील तर साचा तुमचा. एकाच माणसासमोर आले असतील तर त्या नात्याचा. एकदाही न उचललेले पत्तेही मोजा, सायली यांचे तीन बहुधा त्यांतच असतील.

सायली_पाने
आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता सांगायला जाऊ नका. 'तू टॉवर आहेस' म्हटलं की समोरचा बचावात जातो आणि संवाद संपतो. नोंदी लिहिताना झोप उडत असेल किंवा जुनी जखम उघडी पडत असेल तर वही मिटून समुपदेशकाकडे जा. ते काम पत्त्यांचं नाही.