मदत हवी आहे: अण्णांना सोलापूरहून रत्नागिरीला न्यायचंय (कर्करोग, शेवटची अवस्था)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सांगता येणार नाही.

माझे वडील, अण्णा, वय ६७. एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर डेपोला. गेल्या श्रावणात पाठ दुखायला लागली. ड्रायव्हरची पाठ, दुखणारच, म्हणून आम्ही दोन महिने तेल चोळत बसलो. मग एकाएकी साखर वाढली, पँट कमरेत राहीना, आणि दिवाळीच्या आधी डोळे पिवळे झाले. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, यकृतातही गाठी. कावीळ उतरावी म्हणून पित्तनलिकेत स्टेंट घातला. केमोचे तीन डोस झाले. चौथ्याच्या वेळी रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की डॉक्टरांनीच थांबवलं. संक्रांतीला, इकडे गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, त्यांनी मला आणि धाकट्या भावाला आत बोलावून सांगितलं, "होळीपर्यंतचं मी बोलतो. पाडव्याचं बोलत नाही."

अण्णांना कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ते रिक्षापर्यंतसुद्धा टिकलं नाही. "केमो बंद केला म्हणजे आता औषध नाही ना?" त्यांनी सरळ विचारलं. भाऊ गप्प बसला. मी हो म्हणाले. मग घर येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

त्या रात्री त्यांनी एकच गोष्ट मागितली. सोलापूर-रत्नागिरी ही मुक्कामी गाडी त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. रात्री रत्नागिरीला मुक्काम, सकाळी परत. संध्याकाळी गाडी लावून झाली की ते चालत मांडवीला जायचे. तिथली वाळू काळी आहे, म्हणून ते त्याला काळा समुद्रच म्हणतात. आम्ही लहानपणी दर मे महिन्यात मागे लागायचो, की आम्हाला पण न्या. पण मे महिन्यात गर्दी, जादा गाड्या, रजा मिळायची नाही. "अकरा वर्षं लोकाची पोरं नेली समुद्राला," ते म्हणाले, "तुम्हाला एकदाबी नेलं नाही. एकदा जाऊन येऊ." आईनं समुद्र अजून पाहिलेला नाही.

तर जायचंय. अण्णा, आई, मी, माझे मिस्टर, भाऊ-वहिनी आणि दोन नातवंडं, एक सात वर्षांची, एक चार. पाच दिवसांचा बेत आहे. पहिल्या दिवशी मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर आणि तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. एक पूर्ण दिवस तिथे. मग तसंच दोन टप्प्यांत परत. एका दमात साडेतीनशेच्या वर किलोमीटर त्यांना झेपणार नाही, आणि कोल्हापुरात काही झालंच तर मोठे दवाखाने आहेत.

आता अडचणी सांगते.

पहिली म्हणजे बसणं. या आजारात पाठीवर आडवं झालं की दुखणं वाढतं आणि पुढे वाकलं की कमी होतं. त्यामुळे गाडीत मागे झोपवून न्यायचं हा सल्ला आम्हाला उपयोगी नाही. ते मांडीवर उशी घेतात, दोन्ही हात तिच्यावर पसरून पुढे झुकतात आणि तसेच तासतासभर बसतात. परवा मुलीनं विचारलं, "आजोबा, गाडी चालवायलाव का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, हात अगदी स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे असतात. पुढच्याच सीटवर बसायचं, हा त्यांचा हट्ट आहे. पण सीटबेल्ट नेमका पोटावर येतो आणि उशी घेऊन वाकलं तर खांद्याचा पट्टा घट्ट होतो. कुणी अशा रुग्णाला पुढच्या सीटवर लांब नेलंय का? पट्ट्याखाली काय लावलं? सात सीटची गाडी भाड्यानं घेतोय. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तरी ते तोंड फिरवतात, म्हणून तो विषय आम्ही सोडलाय.

दुसरी म्हणजे दुखण्याचं औषध. सध्या मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी आहे. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर जादाची एक. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, ते चुकलं की दुखण्यापेक्षा बद्धकोष्ठानं हाल होतात. हे ज्यांच्या घरी मॉर्फिन नव्यानं सुरू झालंय त्यांनी लक्षात ठेवा, आम्ही पहिल्या आठवड्यात धडा शिकलो. या गोळ्या साध्या औषध दुकानात मिळत नाहीत, म्हणून दोन दिवसांचा साठा जास्तीचा घेणार आहोत.

हे वेळापत्रक आईनं सांभाळलंय. तिनं तीस वर्षं घरी विड्या वळल्या. पाकिटावरचं इंग्रजी तिला वाचता येत नाही. तर तिनं प्रत्येक वेळेच्या गोळ्यांची कागदात पुडी बांधली, विडीचा कट्टा बांधतात तशी दोऱ्यानं. लाल दोरा दुखण्याचा, पांढरा उलटीचा, पुडीवर घड्याळाच्या काट्यांचं चित्र. दोन महिन्यांत एकही वेळ चुकलेली नाही. मी मोबाइलवर गजर लावून दिला होता, तो तिनं बंद करायला लावला.

प्रश्न असा आहे की घाटात उलटी झाली आणि गोळीच बाहेर पडली तर? डॉक्टर म्हणतात की निघायच्या तीन-चार दिवस आधी फेंटॅनिलची पट्टी सुरू करू. ती कातडीवर लावायची, ७२ तास चालते, पण अंगात मुरायला बारा तासांहून जास्त लागतात, म्हणून आदल्या रात्री लावून उपयोग नाही. आणि पट्टीला ऊब लागली की औषध एकदम जास्त जातं. उन्हात पट्टी तापू द्यायची नाही, गरम पाण्याची पिशवी तर तिच्या जवळपासही न्यायची नाही. अण्णांची पाठ आई रोज संध्याकाळी त्याच पिशवीनं शेकते, म्हणून हे तिला तीनदा सांगितलं. ज्यांनी पट्टी लावून प्रवास केलाय त्यांचा अनुभव हवाय. फेब्रुवारीतच इकडे दुपारी ऊन तापायला लागतं आणि गाडीच्या काचेतून ते थेट छातीवर येतं.

तिसरी, राहायची जागा. रत्नागिरीत मांडवीच्या जवळ, तळमजला, आत कमोड, दाराला पायरी नको किंवा एखादीच. मी दोन ठिकाणी फोन केला. आजाराचं खरं सांगितलं की समोरचा माणूस "बघून कळवतो" म्हणतो आणि कळवत नाही. त्यांची भीती मला कळते. पण खोटं सांगून मला कुणाच्या घरात शिरायचं नाही. सगळं ऐकून घेऊन खोली देईल असं कुणी घरगुती माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

आणि चौथी, जी लिहायला हात धजत नाही. वाटेत काही झालं तर काय करायचं? थोरले चुलते परवा घरी येऊन बोलून गेले, "चालत्या गाडीत जीव गेला म्हणजे? लोक म्हणतील, पोरं मरत्या माणसाला फिरवायलेत." ते ओरडत होते आणि रडतही होते, त्यांचा भाऊ आहे. आई तेव्हापासून द्विधा झालीय. तिचं म्हणणं, घरच्या उंबऱ्यातून जाऊ दे. अण्णा म्हणतात, "मी अर्धं आयुष्य रस्त्यावर काढलंय, मला रस्त्याचं भ्या नाही." कुणाच्या घरी असं घडलं असेल तर कागदपत्रांचं काय केलं, पोलिसांचा त्रास झाला का, गावी कसं आणलं, हे स्पष्ट लिहा. मला गोड शब्द नकोत, माहिती हवी.

एक विनंती. गव्हांकुर, गोमूत्र, कुठल्या तरी गावचे वैद्य, हे कृपया सुचवू नका. तुमचा हेतू चांगला असतो, पण त्यात आमचे डिसेंबरचे वीस दिवस गेले. ते आता परत मिळणार नाहीत.

---

प्रतिसादांनंतर भर:

सगळ्यांचे मनापासून आभार. एका रात्रीत इतकी माणसं बोलतील असं वाटलं नव्हतं. एकेकाला वेगळं लिहिता येत नाही, इथेच सांगते.

रेल्वेच्या सवलतीबद्दल तिघांनी लिहिलंय. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत असते हे खरं, पण ती उपचाराला किंवा तपासणीला जाण्यायेण्यासाठी. आमचं जाणं त्यात बसत नाही. विमानाचंही कुणी सुचवलं. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालंय, पण अण्णांना गोवा नको. त्यांना तो रस्ताच हवाय.

पायांचं ज्यांनी लिहिलं त्यांचे विशेष आभार, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. या कर्करोगात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका जास्त असतो आणि लांब बसून तो वाढतो. डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही दुजोरा दिला. दर तासा-सव्वा तासाला उतरवून चार पावलं चालवायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, आणि एकाच पोटरीला सूज किंवा दम लागणं दिसलं तर पुढे न जाता दवाखाना गाठायचा.

पट्ट्यासाठी एका ताईंनी सांगितलेलं करून पाहिलं. टॉवेलची गुंडाळी पोटावर नाही, दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाशी, आणि पट्टा पोटावरून खाली, मांड्यांच्या वरच्या भागावर ओढून घ्यायचा. उशी पट्ट्याच्या वर. भावानं होटगी रोडला एक चक्कर मारून आणली, वीस मिनिटं बसले. वाकता मात्र कमी येतं, म्हणून थांबे वाढवणार.

चौथ्या प्रश्नावर डॉक्टरांशी एकदाचं बोललेच. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलंय: आजार, त्याची अवस्था, चालू औषधं, मॉर्फिन कशासाठी आणि किती. हा कागद आणि सगळ्या फायली गाडीत हाताशी ठेवायच्या. १०८ लक्षात ठेवायचा. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदवावा लागतो, २१ दिवसांच्या आत, आणि चालत्या वाहनात झाला तर गाडी पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी. ते ऐकताना भाऊ उठून बाहेर गेला. मी सगळं लिहून घेतलं. वहीचं ते पान आईला दाखवलं नाही, पण चुलत्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, गाडीत आणखी एक जागा आहे का.

आहे. माझे मिस्टर मुलांना घेऊन एसटीनं पुढे जातील. मुलीला एवढंच सांगितलंय की आजोबा खूप आजारी आहेत, बरे होणार नाहीत, आणि त्यांना तुला समुद्र दाखवायचाय. तिनं विचारलं, मग आपण त्यांना लवकर नेऊ या ना.

खोलीही मिळाली, इथल्याच एका सदस्यांच्या मावशींकडे. त्यांनी भाडं विचारू दिलं नाही. पेज करून ठेवते म्हणाल्या, मीठ किती चालतं तेवढं सांगा.

पट्टी मंगळवारी लावतोय, निघणार शनिवारी पहाटे. आता एकच राहिलंय. आंबा घाट उतरताना एका वळणावर ते गाडी थंड करायला थांबायचे, तिथून खाली कोकण दिसतं म्हणतात. त्यांच्या खुणा म्हणजे एक चहाची टपरी आणि वडाचं झाड. आता त्या रस्त्याला चौपदरीकरणाचं काम चाललंय. हल्ली कुणी गेलं असेल तर सांगा: कोल्हापूरहून येताना घाटात सात सीटची गाडी दहा मिनिटं बाजूला घेऊन आजारी माणसाला उतरवता येईल अशी रुंद जागा कुठे आहे?