वसतिगृहातील विद्यार्थ्याला व्हिडिओवरचा डॉक्टर पुरेसा आहे का?

प्राध्यापक, विश्रामबाग (सांगली) :
सांगली-मिरजेत डॉक्टरांची वाण नाही, तरीही वसतिगृहातील मुले दुखणे अंगावर काढतात. बाह्यरुग्ण विभागात नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो, तास बुडतात आणि तपासणीची फी महिन्याच्या खर्चातून काढावी लागते. मग औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून वेळ मारून नेली जाते. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवरून विनामूल्य मिळतो, आणि मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दूरवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांमुळे अशा सल्ल्याला नियमांची चौकटही आहे. महाविद्यालयांनी यासाठी बंद दाराची एक खोली आणि खात्रीचे इंटरनेट द्यावे. पहिला सल्ला व्हिडिओवर घेण्याची सवय मुलांना लावावी, असे माझे ठाम मत आहे.

डॉक्टर, मिरज :
पहिलाच सल्ला व्हिडिओवर, हे मला मान्य नाही. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. तेथे हळूच दाबून हात उचलताना रुग्ण कसा कळवळतो, हे हाताखालीच समजते. डेंग्यूत तर ताप उतरू लागला की मुलगा बरा झालासा वाटतो, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तदाब घसरण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘आता बरे वाटते’ या पडद्यावरच्या वाक्यावर मी विसंबणार नाही. कर्नाटकातून रुग्ण मिरजेला येतात आणि येथील विद्यार्थ्याने मोबाइलमध्ये डॉक्टर शोधावा?

विद्यार्थिनी, मूळची जत तालुक्यातील :
डॉक्टरसाहेब, आपली उदाहरणे खरी आहेत. पण ती मुले आज तरी आपल्यापर्यंत कुठे वेळेवर येतात? व्हिडिओवरच्या डॉक्टरने ‘आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा’ एवढे सांगितले तरी मोलाचे आहे. आमच्या वसतिगृहात बाहेर जाताना वहीत कारण लिहावे लागते आणि ती वही दाराशी उघडी असते. पाळीची तक्रार किंवा परीक्षेच्या धास्तीने उडालेली झोप त्या रकान्यात कोण लिहील? ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, हे आमच्या मजल्यावर फार थोड्या मुलींना माहीत आहे.

पालक, तासगाव :
मानसिक त्रासाबाबत मी या मुलीशी सहमत आहे. मात्र दर वेळी नवा डॉक्टर आणि जुनी चिठ्ठी हरवलेली, असे चालले तर आधी कोणते अँटिबायोटिक दिले होते आणि कशाची ॲलर्जी आहे, हे मुलाच्या आठवणीवरच अवलंबून राहील. चिठ्ठ्यांची फाइल ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे महाविद्यालयाने आधी ठरवावे.

प्राध्यापक, विश्रामबाग :
त्या खोलीत परिचारिका, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, थर्मामीटर आणि प्रत्येकाची फाइल असावी, हे मी प्रस्तावात जोडतो. पहिला सल्ला व्हिडिओवर, हा आग्रह मात्र कायम आहे.

डॉक्टर, मिरज :
परिचारिका असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेल्या निम्म्यासाठी एक अट लेखी हवी : पोटदुखी, श्वास लागणे किंवा दोन दिवसांहून अधिक ताप असेल, तर व्हिडिओची वाट न पाहता विद्यार्थ्याला वाहनाने रुग्णालयात पोहोचवायचे, आणि त्या वाहनाचा खर्च महाविद्यालयाने करायचा.