सेल्फ-चेकआउट मशीन कापडी पिशवीवर का अडतं

सेल्फ-चेकआउट म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाने स्वतःच वस्तूंचे बारकोड दाखवून पैसे भरायचं मशीन. त्यावर स्वतःची कापडी पिशवी ठेवताच ते अनेकदा अडतं. सामान ठेवायच्या फळीखाली सहसा वजनकाटा असतो. बारकोड वाचल्यावर वस्तूचं नोंदवलेलं वजन आणि काट्यावर वाढलेलं वजन मशीन ताडून पाहतं. पिशवीचे ग्रॅम त्या हिशेबात नसतात. म्हणून आधी पडद्यावर ‘स्वतःची पिशवी’ निवडा, रिकामी पिशवी ठेवा, मशीनने ती स्वीकारली की मगच पहिली वस्तू. फळीवर हात टेकवू नका, तेवढ्यानेही अडतं. कंपनीने वेष्टन बदलल्याने वस्तूचं वजन बदललं आणि दुकानाने नोंद सुधारली नाही, तर मात्र चूक गिऱ्हाइकाची नाही. सरळ कर्मचाऱ्याला बोलवा.