बायबलमधली रचना बघायची, की बोध घेऊन उठायचं?

गोदाकाठची_वाचक: शरणपूर रोडकडे आमचा बायबल अभ्यास असतो. एक उतारा, एक बोध, मग चहा. गोष्ट बांधलीय कशी, हे कुणी बघतच नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) ५वा अध्याय घ्या. सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, येशू तिकडे निघालाय आणि वाटेत रक्तस्रावाने गांजलेली बाई येते. बाईचं दुखणं १२ वर्षांचं, मुलगी १२ वर्षांची. येशू त्या बाईला "मुली" म्हणतो आणि त्याचं बोलणं चालू असतानाच निरोप येतो, याईराची मुलगी गेली. एका गोष्टीच्या पोटात दुसरी मुद्दाम घातलीय. वेगवेगळ्या रविवारी वाचल्या की निम्मा अर्थ गळतो.

संशयी_थोमा: ताई, शोधायला बसलं की आकडे कुठेही जुळतात. उत्पत्तीच्या पुस्तकातला नोहाचा जलप्रलय घ्या: ७, ७, ४०, १५० दिवस आणि मग आरशात बघावं तसं उलट १५०, ४०, ७, ७. मधोमध देवाला नोहाची आठवण होते. फळ्यावर झकास दिसतं. पण उत्पत्तीच्या ७व्या अध्यायात ४थ्या आणि १०व्या वचनातला (७:४, ७:१०) आठवडा एकच आहे, दोनदा मोजलाय!

गोदाकाठची_वाचक: आठवडा एकच, पण लेखकाने सांगितलाय दोनदा. मी सांगणं मोजतेय, दिवस नाही.

संशयी_थोमा: कुठला लेखक? ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याची एक जोडी, ७:२ मध्ये शुद्ध प्राणी सात-सात. दोन जुन्या कथा एकत्र शिवल्यात, असं बरेच अभ्यासक मानतात.

पंचवटीकर_काका: अहो, "रचलंय" म्हटलं की पोरांना वाटतं घडलंच नाही. लोक वचन ऐकायला येतात, आकडेमोड नाही.

गोदाकाठची_वाचक: काका, ना. वा. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीत लिहायला घेतलं, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ओवीत आलं म्हणून ते खोटं ठरलं का?

संशयी_थोमा: ओवी उघड दिसते. मार्क कुठे सांगतो, मी रचतोय म्हणून?

गोदाकाठची_वाचक: मार्कचाच ११वा अध्याय बघा. येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो, मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथतो, दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट आहे, पण तिथे मंदिर आधी उरकतं आणि झाड शापासरशी वाळतं. मार्कनेच झाड मंदिराच्या अलीकडे-पलीकडे का ठेवलं? मंदिराचं काय होणार, ते झाड सांगतंय.

संशयी_थोमा: हा मुद्दा आकड्यांपेक्षा वजनदार आहे. पण मग झाड वाळलं कधी, लगेच की दुसऱ्या दिवशी? प्रश्न तुम्हीच काढलात. आता काकांना उत्तर द्या.