हेदवीजवळ तीन रात्री: गुडघेदुखीवाल्या सासूबाई, दोन मुलं आणि राहून गेलेली बामणघळ

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात हेदवीजवळच्या एका वाडीत कौलारू घर घेतलंय राहायला. मागे नारळी-पोफळीचं आगर, पुढे सारवलेलं अंगण, मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. द्वादशीला दुपारी पोचायचं आणि पौर्णिमेला सकाळी निघायचं. गाडी स्वतःची. सोबत सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात, पायऱ्या पाहिल्या की आधी खाली बसतात), मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची.

ठरलेलं एकच: गुहागरला व्याडेश्वर. आमचं कुलदैवत, त्यामुळे तिथे वाटाघाटी नाहीत. दुर्गादेवीची ओटीही भरायची आहे. बाकी सगळं मोकळं.

विचारायचंय ते असं:
१) तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि पुढे गणपतीपुळे एका दिवसात जमेल का? की म्हाताऱ्या माणसाला फार होईल?
२) अंजनवेलच्या गोपाळगडावर सहा वर्षांचं पोर चालेल का?
३) बामणघळ. मागच्या खेपेला भर दुपारी बारा वाजता गेलो, तर काळ्या खडकात एक लांब भेग आणि तळाशी जरासं पाणी. "हे बघायला एवढं ऊन खाल्लं?" हे नवऱ्याचं वाक्य चार वर्षं ऐकतेय. नेमकं कधी जायचं असतं?

चिंचगूळ: तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तुमचा सगळा बेत त्यावरच बसवता येईल. घळ भरतीलाच बघायची. लाट त्या चिंचोळ्या भेगेत घुसते, पुढे जागा नाही म्हणून वर उसळते. ओहोटीला तिथे काही नसतं. वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती, सकाळीही आणि रात्रीही. पुढे रोज पाऊण तास उशिरा. चतुर्दशीला साडेदहा. थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा आधीच पोचा. पौर्णिमा जवळ असल्याने उधाणही जोरात. मागच्या वेळी तिथी कोणती होती?

धागाकर्ती: अष्टमी! पक्कं आठवतं, सासूबाईंचा उपवास होता आणि गाडीत साबुदाण्याचे वडे होते.

चिंचगूळ: मग काय. आठ पाऊणे सहा. भरती सहाला आणि तुम्ही बाराला, म्हणजे ऐन ओहोटीत. त्यात अष्टमीची भांगाची भरती, तशीही मवाळ. घळीचा काही दोष नाही.
चतुर्दशीला सकाळी आधी दशभुजा गणपती करा. टेकडीवर आहे पण गाडी वर जाते. मग खाली उमामहेश्वराच्या देवळाशी या, घळ शेजारीच. मुलांचा हात सोडू नका, खडक शेवाळलेले असतात, आणि कडेला उभं राहून फोटो तर अजिबात नको. आजींना देवळापाशीच बसवा.

खाडीकाठचा: फेरीबोट जमेल, गाडीसकट चढता येतं. शास्त्री नदीच्या मुखावरून पलीकडे उतरलात की जयगड किल्ला, आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, मुलगा शाळेत कविता शिकत असेल तर अर्धा तास द्या. पुळ्याला टेकडीची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, ती आजींना नको. समुद्रात मात्र कुणीच उतरू नका, तिथलं पाणी दगा देतं. शेवटच्या बोटीची वेळ जाताना जेट्टीवरच विचारून ठेवा, चुकली तर परतीचा वळसा अख्खी संध्याकाळ खातो.
माझं मत विचाराल तर पुळं सोडा. जयगड बघा, मासे खा, परत या.

मिरगुंड: गोपाळगडावर पोरं मजेत चालतील. डोंगर चढायचा नाही, खंदक आणि तटबंदी बघायची. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह आहे, तिथून दाभोळच्या खाडीचं मुख दिसतं. आजींना देऊळ, मुलांना किल्ला, भांडण नाही. गुहागरच्याच दिवशी उरका, म्हणजे त्रयोदशीला. व्याडेश्वर सकाळी लवकर, मग वरच्या पाटाला दुर्गादेवी, ऊन उतरल्यावर अंजनवेल. पेट्रोल गुहागरातच भरून घ्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. त्रयोदशीला गुहागर-अंजनवेल, चतुर्दशीला गणपती आणि घळ, जयगड यावेळी राहू दे. चतुर्दशीची संध्याकाळ मोकळी उरते. वेळणेश्वरला मुलांना पाण्यात खेळू द्यावं का?

चिंचगूळ: साडेदहाची भरती म्हणजे पावणेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. वाळू लांबवर उघडी पडते, किल्ले करायला उत्तम. घोट्यापर्यंत पाणी, त्यापुढे नाही. आणि नवऱ्याला घळीपाशी सगळ्यांत पुढे उभं करा, भिजेल एवढ्या अंतरावर.