वादळानंतर पलीकडच्या ओळीत वीज आली, आमच्याकडे नाही. तोवर घरात काय तपासून ठेवू?

पागोळी

नमस्कार. वादळ होऊन गेलं, पाणीही ओसरलं, वीज मात्र अजून नाही. रस्त्यापलीकडच्या ओळीत काल रात्री दिवे लागले, आमची बाजू अंधारातच आहे. घर बैठं, मागची पडवी पत्र्याची. पाणी खालच्या सॉकेटच्या वर चार बोटं चढलं होतं, भिंतीवर रेघ स्पष्ट दिसते. मीटर आणि मेन बोर्ड उंचावर आहेत, ते कोरडे राहिले. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पडवीच्या कडेवरून जाते, तिच्यावर एक मोठी फांदी मोडून लोंबतेय. घरात आईबाबा आहेत, बाबांना नेब्युलायझर लागतो आणि इन्व्हर्टर केव्हाच बसलाय.

पलीकडे वीज येते आणि इकडे येत नाही, असं का होतं? आणि आली की मेन स्विच सरळ वर करायचा, की आधी काही बघायचं?

निवांत

आमच्याकडे पाणी शिरलं होतं तेव्हा सॉकेट उघडून हेअर ड्रायरने वाळवले आणि चालू केले, काही झालं नाही. फांदी मात्र वीज नाही तोवरच बांबूने ढकलून टाका.

तारवाला

पागोळीताई, फांदीला हात लावू नका, बांबूही नको. आधी एवढं ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

मी नोकरीची सगळी वर्षं लाइनवर काढली. वादळानंतर माणसं दगावतात ती बरेचदा वादळ संपल्यावर, "वीज गेलेली आहे" या भरवशावर. लाइन बंद दिसते म्हणजे ती मेलेली आहे असं नव्हे. फीडरची, म्हणजे सबस्टेशनहून भागाकडे येणाऱ्या मुख्य लाइनची, दुरुस्ती झाली की सबस्टेशनमधून ट्रायल घेतात, म्हणजे चालू करून टिकतो का ते बघतात. त्याची दवंडी पिटत नाहीत. दुसरा धोका जनरेटरचा. कुणीतरी चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) न लावता जनरेटर घरच्या वायरिंगला तसाच जोडतो. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, ट्रान्सफॉर्मरला पोचते, आणि तोच ट्रान्सफॉर्मर तिला चढवून वरच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे करतो. खांबावर चढलेल्या माणसाला हे कळायला काहीच मार्ग नसतो. म्हणून आम्ही डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत सोडणारा दांडा) लावून, कामाच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ करून मगच हात घालायचो. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, जनरेटर चेंजओव्हरशिवाय जोडू नका. आणि तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता पलीकडच्या ओळीचं. ती बहुधा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर किंवा दुसऱ्या फीडरवर असेल. काम वरून खाली होत येतं. आधी सबस्टेशन, मग ११ केव्हीचा, म्हणजे ११ हजार व्होल्टचा फीडर, मग ट्रान्सफॉर्मर, मग ४०० व्होल्टची लाइन, आणि शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर. लाइनमन फीडर पायी बघत जातात, बिघडलेला तुकडा स्विच उघडून तोडतात आणि उरलेला चालू करतात. दवाखाने, पाण्याचे पंप यांना आधी हात लागतो. एका घराची वायर सगळ्यात मागे राहते. त्यामुळे "आमच्या भागात वीज नाही" एवढीच तक्रार पुरणार नाही. "सर्व्हिस वायरवर फांदी आहे आणि वायर पत्र्याजवळ आहे" ही तक्रार वेगळी नोंदवा. घरात नेब्युलायझरवरचा माणूस आहे हेही सांगा.

तुमच्या घराबद्दल मला खरी भीती वाटते ती त्या पत्र्याची. फांदीच्या वजनाने वायर खाली येते, वाऱ्याने पत्र्याच्या धारदार कडेवर घासते, आवरण सोलून निघतं. मग वीज आली की पत्रा जिवंत. त्याला बांधलेली कपड्यांची तार, लोखंडी खांब, पन्हळ, सगळंच जिवंत. इथे घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, काहीही करत नाही! तो जाणारा आणि परतणारा करंट ताडून बघतो, ३० मिलिअँपिअरवाला असेल तर तेवढ्या फरकाच्या आत सुटतो. पण ही गळती मीटरच्याही आधी, खांबाच्या बाजूला होते. तो करंट आरसीसीबीतून जातच नाही, त्याला कळणार कुठून? मेन स्विच पाडलेला असला तरी पत्रा तसाच जिवंत राहील. जमिनीवर, लांब उभं राहून मोबाइलचा कॅमेरा झूम करून वायर कडेला कुठे टेकते ते बघा. शिडी लावायची नाही. तोवर पडवीत कुणी जाऊ नये.

घराच्या आत: मेन पाडून ठेवा. इन्व्हर्टरही बंद करा, बसलेल्या बॅटरीतही थोडी ताकद शिल्लक असते. भिजलेले सॉकेट वाळवायचे नाहीत, बदलायचे. निवांत, तुमचं निभावलं याचा आनंद आहे, पण पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार पितळी पट्ट्यांमधे राहतात आणि हवेतली ओल धरतात. ते सॉकेट पुढे कधीतरी तापून करपतं, तेव्हा कुणाला पूर आठवत नाही. भिंतीतल्या पाइपातही पाणी साचून राहतं.

परवानाधारक वायरमनला बोलवा आणि "मेगर आहे का?" एवढं विचारा. मेगर म्हणजे वायरचं आवरण गळतंय का ते मोजणारं यंत्र. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, त्याला ओली वायरही चांगली दिसते. मेगर ५०० व्होल्ट लावून बघतो. आधी सगळी उपकरणं काढायची, मग प्रत्येक सर्किटचं फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजायचं. १ मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट जोडायचं नाही.

पागोळी

दादा, खूप आभार. झूम करून बघितलं, पन्हळीच्या वर दोन बोटं लांबीचा पांढरा धातू उघडा दिसतोय. फोटोसकट तक्रार नोंदवली, पडवीचं दार लावून टाकलं. वायरमन येऊन गेले. खालच्या सॉकेटांचं सर्किट ०.२ मेगओहम आलं, ते त्यांनी बोर्डातून सोडवून ठेवलं. दिवे-पंख्यांची सर्किटं ५० च्या वर आहेत.

आत्ता संध्याकाळी लाइनमन आले, फांदी काढली, सर्व्हिस वायर नवीन टाकली. आमच्या ओळीत वीज आली आहे. पण शेजारी एका घरात बल्ब डोळ्यांवर येईल इतका प्रखर लागतोय, दुसऱ्या घरात पंखा जेमतेम फिरतोय. आम्ही मेन अजून वर केलेला नाही. करू का?

तारवाला

नाही! आणि त्या दोन्ही घरांना आत्ताच्या आत्ता मेन पाडायला सांगा.

हे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटल्याचं लक्षण आहे. खांबावर कुठेतरी न्यूट्रलचा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) निघाला किंवा सैल राहिला असेल. वेगवेगळ्या फेजवरची घरं मग एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ज्या घरात कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. तिथे टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात. लाइनमन जवळपास असतील तर "एका घरात जास्त, एका घरात कमी" हेच शब्द सांगा, ते थेट न्यूट्रल शोधतील. तुमचा न्यूट्रल ठीक आहे का हे टेस्टरवरून ठरवू नका. न्यूट्रल तुटलेला असताना एखादं उपकरण चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि लोक गोंधळतात. वायरमनकडून मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मल्टिमीटरने मोजून घ्या, फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास आणि स्थिर हवं.

कौलारू

एक भर घालतो. छतावर सोलर पॅनल असतील तर मेन पाडला तरी उजेड आहे तोवर पॅनलपासून येणाऱ्या डीसी वायरमध्ये वीज असतेच. पॅनल निखळलं असेल तर सोलरवाल्याशिवाय कुणी हात लावू नये.

पागोळी

न्यूट्रलचा जंपरच होता, खांबावर सैल. आता फेज ते न्यूट्रल २३२ दाखवतंय, हलत नाही. पुढे?

तारवाला

सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली ठेवून मेन वर करा. आरसीसीबी वर करून त्याचं टेस्टचं बटण दाबा, सुटायला हवा. सुटला नाही तर तो बदलेपर्यंत पुढे जाऊ नका. मग एकेक एमसीबी वर करा, मधे थोडं थांबा. ज्याने आरसीसीबी सुटेल ते सर्किट खालीच ठेवा, पुन्हापुन्हा चढवून बघू नका. टेस्टचं बटण अर्थिंग तपासत नाही, म्हणून अर्थची वायर खड्ड्यापर्यंत शाबूत आहे का ते वायरमनला वेगळं मोजायला लावा. पाण्यात उभा राहिलेला फ्रिज आणि पंप मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत लावू नका. नेब्युलायझर वरच्या, न भिजलेल्या सॉकेटवर चालवा.