अनुभव धागा: घरातल्या ज्येष्ठांना हलतं-फिरतं ठेवताना

"जरा चालत जा की" हे आपण सगळ्यांनीच आईवडिलांना, सासूसासऱ्यांना सांगून झालंय आणि "हो, उद्यापासून" हे उत्तरही ऐकून झालंय. म्हणून या धाग्यात उपदेश नको. तुमच्या घरात नेमकं काय लागू पडलं आणि काय नाही, ते लिहा. साठी-सत्तरीतल्या मंडळींनी स्वतःचं लिहिलं तर फारच छान. त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ असतात, त्यांना विचारणारे कमी.

एक माहिती आधीच देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही आहेत, ते मात्र आपल्याकडे फारसं कोणी करत नाही. त्याबद्दल जरूर लिहा.

सातारा, सून

सासूबाईंचे गुडघे दुखतात. चाललं की गुडघे आणखी झिजतात, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं आणि शेजारच्या काकूंचा त्याला दुजोरा. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला बाहेर बसवलं आणि थेट त्यांच्याशीच बोलल्या, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, हे आईंना पटलं. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, खाली घ्यायचा, मग दुसरा. त्यानंतर हात न टेकता खुर्चीतून उठायचं. ते आधी जमेना, म्हणून बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवली. मग जमलं, आणि पुढे उशीही काढली. आता चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करतात. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण आधी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरायच्या, त्या आता सरळ उतरतात.

पुणे, मुलगा, मूळ लातूरकडचा

आई गेल्यावर अण्णांना इकडे आणलं. जन्म शेतात गेलेला माणूस फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर. फिरून या म्हटलं की, "कुठं? काय काम हाय तिकडं?" काम नसताना रस्त्याने हिंडायचं, हे त्यांना शोभत नव्हतं. मी चालण्याचे चांगले बूट आणले, ते खोक्यातच राहिले.

सोसायटीच्या मागे थोडी पडीक जागा होती. माळी एकटाच तिथे कुदळ मारत होता. अण्णा गॅलरीतून दोन दिवस बघत राहिले आणि मग म्हणाले, "त्याला वाफा धरता येत नाही." तिथून सगळं सुरू झालं. मेथी, वांगी, कुंपणाला घेवडा. आधी नुसत्या सूचना देत, मग खुरपं हातात घेतलं. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा वाकलेलं असताना एकदम उठू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून बसायला बुटकं स्टूल ठेवलं. उठताना कुंपणाचा खांब धरतात, क्षणभर थांबतात, मगच पाऊल टाकतात. पाण्याची बादली अर्धीच भरायची. एवढ्या कामात ताकद, तोल, वाकणं, उचलणं सगळंच आलं. मेथी निघाली की जुड्या बांधून स्वतः घरोघर देऊन येतात, जिन्याने. लोक त्यांना आता नावाने ओळखतात. माझं मत स्पष्ट आहे: आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला व्यायाम सुचवू नका, काम सोपवा. आणि ते खरंच लागणारं काम असावं, रमवण्यापुरतं दिलेलं त्यांना लगेच कळतं.

नागपूर, वय ६९, स्वतःचंच लिहिते

मी आळशी नाही. मला बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात लघवीला जावं लागतं आणि वाटेत धड स्वच्छतागृह नाही. हे मुलाला कसं सांगणार? म्हणून "कंटाळा आला" म्हणायची. माझ्या वयाच्या किती जणी याच कारणाने घरात बसून असतील! शेवटी डॉक्टर बाईंशी बोलले. त्यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शिकवला. सावकाश गुण येतो, पण येतो. मैत्रिणीचं घर मध्यावर येईल असा रस्ताही ठरवला. पाणी कमी पिऊन निघणं हा उपाय नव्हे, आमच्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. त्या दिवसांत उजाडायच्या आत फिरून येते, नाहीतर घरातच हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत येरझाऱ्या.

ऑकलंड, मुलगी

आई डोंबिवलीला असते. बाथरूममध्ये पडली, हाड वाचलं, पण मन घाबरलं. भीतीने बसून राहायचं, बसून पाय कमजोर व्हायचे, आणि पाय कमजोर म्हणून पुन्हा पडण्याचा धोका. इथे न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला घरी करायचा व्यायामक्रम आहे. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून चालणं. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, शिवाय जमेल तसं चालणं. मूळ अभ्यासांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. डोंबिवलीतल्या फिजिओथेरपिस्टनी आईला तपासून त्यातले झेपतील तेवढेच दिले. मी व्हिडिओ कॉलवर सोबत करते आणि वहिनी शेजारी उभी असते. पायपुसणी काढली, रात्रीचा दिवा लावला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. परवा ती एकटी भाजी घेऊन आली आणि मला फोटो पाठवला.

*(धागा सुरू करणारी: चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप असं झालं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. "गॅस असेल" म्हणून घरी बसू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.)*

बारामती तालुका, नातू

आजी वारीला जाते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिंडीबरोबर. एरवी दुकानापर्यंत जायला कुरकुर. वारीची तयारी म्हणून अक्षय्य तृतीयेपासून पलीकडच्या वस्तीवरच्या भजनाला पायी जायला लागली. आता आम्ही त्या भजनी मंडळाला विनंती केलीय की वर्षभर तिला बोलवत राहा.

ठाणे, मुलगा

फौजा सिंग यांनी २०११ साली शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, ती बातमी बाबांना मोठ्या उत्साहाने दाखवली. "ती माणसंच वेगळी," म्हणाले आणि कूस बदलली. त्यांना उठवलं ते खालच्या मजल्यावरच्या, बायपास झालेल्या जोशी काकांनी. बेल वाजवून म्हणाले, "मला एकट्याला धीर होत नाही, चला जरा."

दादर, वय ७६

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचा गट आहे. कोणी न सांगता दोन दिवस दिसला नाही, तर फोन जातो. तिसऱ्या दिवशी घरी माणूस जातो. आजारपण निघालं तर डबाही पोचतो. नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी त्याच्या वेगाने चालायचं, जमेल तेवढंच, आणि मग चहा. वेगाने चालणाऱ्यांना हे आधी जड गेलं, म्हणून ते आता आमच्याआधी दोन फेऱ्या मारून घेतात. बायका कमी येतात, कारण सकाळची ती वेळ घरच्या डब्यांची. म्हणून संध्याकाळी पाचचा दुसरा गट केलाय. जवळपास राहत असाल तर आईला घेऊन या, पहिले काही दिवस तुम्हीही बरोबर राहा.